अर्ध्या गाडीची बारी

खानदेशात जाऊन आलो की पुण्यातले शेजारी मला दोनच गोष्टी विचारतात: ऊन किती होतं, आणि भरीत आणलं का. दिवाळी सरल्यावर तिकडे ऊन कसलं, सकाळी हात खिशातून काढवत नाहीत अशी थंडी असते. आणि भरीत हा काही डब्यात घालून आणायचा पदार्थ नव्हे, त्याबद्दल पुढे येईलच. पण मी मुळात गेलो कशाला होतो, हे कुणी विचारलं नाही. तेव्हा आपणहून सांगतो. मी अर्धी गाडी मागायला गेलो होतो.

दुसरी अर्धी माझीच आहे. माझी उभी नोकरी मोटारींच्या विम्यात गेली. आपटलेली गाडी बघायची, काय मोडलं, काय वाचलं, ते सांगायचं. मोडक्या गाड्या बघून बघून दुसऱ्या एखाद्याला मोटारीचा वीट आला असता, मला उलट वेड लागलं. तेही एकाच जातीच्या गाडीचं. बाहेरून चार दारांची, घरंदाज, मागे सासूसासरे पाय पसरून बसतील अशी. आणि आत काळीज शर्यतीच्या गाडीचं. परदेशी मासिकांत तिला स्पोर्ट्स सलून म्हणतात. आपल्याकडे तसं म्हटलं तर लोक विचारतील, दाढीचे किती घेता. म्हणून मी सेडान म्हणतो.

हे वेड मला एकट्याला नव्हतं. तंत्रनिकेतनाच्या वसतिगृहात माझ्या खोलीत भास्कर होता, धुळ्याकडचा, पांझरेकाठच्या गावातला. त्याला तेव्हापासून सगळे नाना म्हणतात. रद्दीच्या दुकानातून आणलेली गाड्यांची मासिकं आम्ही अभ्यासाच्या पुस्तकांहून जास्त मन लावून वाचली. पुढे तो शेतीत गेला, मी विम्यात. निवृत्तीनंतर मुंबईतल्या एका गृहस्थांची वापरलेली जर्मन सेडान विकायला निघाली. गडद निळा रंग, एका ओळीत सहा सिलिंडर, ताकद मागच्या चाकांना. एकट्यानं घेणं मला झेपत नव्हतं. नानाला फोन केला, तर तो म्हणाला, "मग बारी लावू."

ही बारी काय, ते सांगायला हवं. पांझरेच्या काठच्या गावांत पाटाच्या पाण्याची एक जुनी रीत आहे, तिला फड म्हणतात. बंधाऱ्यातून पाट काढलेला असतो, शिवाराचे मोठे मोठे तुकडे पाडलेले असतात, एका तुकड्यात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी पाळीपाळीनं. ती पाळी म्हणजे बारी. आपल्या वावरात पाणी आपण वळवायचं नाही, गावानं नेमलेला पाटकरी ते वळवणार. नानाच्या घराण्यानं पिढ्यानपिढ्या असं पाणी वाटून घेतलेलं, त्याला मोटार वाटून घेण्यात काहीच अवघड दिसलं नाही. दिवाळी ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, गाडी त्याची, आखाजी ते दिवाळी माझी. देताना धुऊन द्यायची, टाकी भरून द्यायची. आणि आम्हा दोघांशिवाय कुणी चालवायची नाही. हा शेवटचा नियम मी घातला होता.

वाटणी झाल्यावर माझ्या लक्षात आलं की हिवाळा सगळा नानाच्या वाट्याला गेला आहे आणि पावसाळ्यातले खड्डे माझ्या. पण बोललो नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते असं कुठून कुठून द्यावं लागतं.

लळिंगच्या घाटापर्यंत

यंदा निघालो तेव्हा मनात ठरवलेलं होतं. चौसष्टावं लागलं आहे. दरवर्षी दिवाळीला चावी देताना मला त्रास होतो, आणि तो कमी होण्याऐवजी वाढत चालला आहे. अशा अजून किती दिवाळ्या ही गाडी मला नीट चालवता येणार? गावाकडचा प्लॉट विकला गेला होता, हाताशी थोडं काही आलं होतं. नानाची अर्धी विकत घ्यायची आणि ही ने-आण बंद करायची.

मागायला कारणही होतं. गेल्या आखाजीला मी गाडी आणायला गेलो तेव्हा नाना बाहेरगावी होता, आणि ड्रायव्हरची सीट पुढे ओढलेली, पाठ उभी केलेली आणि आरसे खाली वाकवलेले. नाना सहा फुटी आहे. म्हणजे त्यानं गाडी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिली होती. जन्मभर असल्याच खुणांवरून लोकांचं खोटं पकडलेला माणूस मी. हातच्या काकणाला आरसा कशाला? मी सहा महिने हे मनात धरून ठेवलं होतं.

नाशिक मागे पडलं आणि आग्रा रोड मोकळा झाला. ही गाडी शंभराच्या वेगाला पेंगत असते. तिला जागं करायचं तर घाट हवा. चांदवडच्या घाटात वळणात शिरताना स्टिअरिंग हातात हळूहळू जड होत जातं, आणि त्या जडपणातून खालचा रस्ता तळव्यांना कळतो: इथे खडी सुटली आहे, इथे डांबर नवं आहे. वळणाच्या मध्यावर पाय जरा दाबला की मागची चाकं गाडीला पाठीमागून ढकलतात, आपण सीटमध्ये रुततो, आणि इंजिनाचा आवाज खर्जातून वर चढत जातो. त्या क्षणी मला गुडघेदुखी नसते, साखर नसते, काही नसतं. हे ज्यानं अनुभवलं नाही त्याला सांगून कळत नाही.

मालकी म्हणजे मात्र हे क्षण नव्हेत. मालकी म्हणजे परदेशातून येणाऱ्या रबराच्या एका नळीसाठी महिनाभर गाडी उभी ठेवणं. पार्किंगमधल्या उंदरांनी वायरी खाल्ल्या म्हणून तंबाखूच्या पुरचुंड्या बांधून ठेवणं. प्रत्येक गतिरोधकावर गाडी तिरकी करून, श्वास रोखून, पोट घासतं का ते ऐकणं. माझी बायको मंगला आमची छोटी गाडी कित्येक वर्षं सफाईनं चालवते. ती म्हणते, "तू गाडी चालवत नाहीस, तिची तब्येत सांभाळतोस." तिनं मोठी गाडी चालवायला मागितली होती एकदा. मी नियमाकडे बोट दाखवलं.

मालेगावच्या पुढे एका ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. पुण्यात शेवभाजी मागितली की लाल रंगाचं काहीतरी येतं. इथे काळ्या मसाल्याचा कट असतो, वर तेलाचा तवंग, आणि शेव इतकी तिखट की पहिल्या घासाला कानशिलं तापतात. ढाब्याचा मालक बाहेर येऊन गाडीच्या बॉनेटवर तळवा ठेवून उभा राहिला, जसा बैलाच्या पाठीवर ठेवावा. पुण्यात अशा गाडीपासून लोक हातभर लांब राहून फोटो काढतात. इकडे आधी हात लावतात, मग विचारतात.

"साहेब, स्टेपनी कुठंय?"

"या गाडीला स्टेपनी नसते. टायर फुटला तरी काही अंतर तशीच चालते."

त्यानं सहानुभूतीनं मान हलवली. "म्हणजे कंपनीनं फसवलं म्हणा."

लळिंगचा घाट उतरताना धुळ्याचा विस्तार दिसला. कापसाची ट्रॅक्टर-ट्रॉली समोर डुलत चालली होती, पांढरे पुंजके उडून माझ्या काचेवर येत होते. मंगलाचा फोन आला: "पोचलास? मागितलीस का?" मी म्हटलं, घोडामैदान जवळच आहे.

पांझरेकाठी

गावात शिरलो की पाराजवळ वेग आपोआप कमी होतो, कारण तिथले गतिरोधक गावकऱ्यांनी स्वतः घातले आहेत आणि ते मोटारींपेक्षा रणगाड्यांसाठी आहेत. गाडी आलेली बघून पारावरचे एक आबा अहिराणीत ओरडले, "उनी रे भो, नानानी गाडी उनी!"

नाना ओट्यावरून उतरत म्हणाला, "आबा, अर्धी त्यासनी बी शे ना."

आबांनी गाडीभोवती चक्कर मारली आणि मला गंभीरपणे विचारलं, "कोनती अर्धी? पुढली का मांगली?"

सगळे हसले. मीही हसलो. पण माझं लक्ष नानाकडे होतं. दरवर्षी हा माणूस मी उतरायच्या आत दार उघडून स्टिअरिंगवर बसतो. यंदा तो दोन्ही हात पाठीमागे धरून उभा होता.

चहा आला तेव्हा कळलं. त्यानं बशी उचलली आणि कप तिच्यात किणकिणू लागला. त्यानं ती शांतपणे खाली ठेवली आणि उजवा हात मांडीखाली दाबून बसला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून. कंपाचा आजार. गोळ्या चालू आहेत. डॉक्टरनं गाडी बंद केली."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू गाडी मागितली असतीस," नाना म्हणाला.

मी चहा संपवण्याकडे लक्ष दिलं. इतकी वर्षं खोलीत एकत्र राहिलेल्या माणसापासून काही लपत नाही.

तेवढ्यात घरातून शैलावहिनी आल्या. नानाची बायको. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. अंगानं लहानखुऱ्या, पायांत कॅनव्हासचे बूट, साडीचा पदर खोचलेला. "भाऊजी, चावी," म्हणाल्या. मी दिली. त्यांनी सीट पुढे ओढली, पाठीशी एक उशी घातली, आरसे खाली वाकवले आणि गाडी मागे घेत गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका झटक्यात लावली. दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरली होती. मला त्या शेडमध्ये दरवर्षी पुढेमागे करत बसावं लागतं.

सहा महिने जपलेला माझा पुरावा असा दोन मिनिटांत उलगडला. पण नियम तो नियम, म्हणून मी नानाला म्हटलं, "आपलं ठरलं होतं, दोघांशिवाय कुणी चालवायची नाही."

नानाला खरंच कळेना मी काय म्हणतो आहे ते. "अरे, बारी वावराची असते, माणसाची नसते. मी आजारी पडलो म्हणून गव्हानं तहानेलं राहायचं का? घरातला जो उभा असेल तो बारी धरतो."

"हा गहू नाही, नाना."

"ते मला माहीत शे," तो म्हणाला. इतक्या वर्षांनीही माझ्याशी बोलताना त्याचा अहिराणी 'शे' चिडल्यावरच बाहेर येतो.

त्या संध्याकाळी मी मागायचं टाळलं. हात थरथरणाऱ्या माणसाजवळ त्याची अर्धी गाडी मागायची, याला माझी जीभ रेटेना. आणि दुसरीकडे मनातला विम्याचा सर्व्हेअर म्हणत होता, आता तर तो चालवूही शकत नाही, मागण्यात गैर काय?

सावद्याचं भरीत

दुसऱ्या दिवशी वहिनींच्या माहेरी जायचं होतं, सावद्याकडे, केळीच्या पट्ट्यात. वहिनी चालवणार, शेजारी नाना, आणि मी मागे. इतक्या वर्षांत मी माझ्याच गाडीच्या मागच्या सीटवर कधी बसलो नव्हतो. जागा ऐसपैस आहे, पण मला सुख लागेना. माझा उजवा पाय सारखा ब्रेक शोधत होता आणि पायाखाली नुसता गालिचा होता.

पारोळा, एरंडोल, जळगाव. रस्ता आता रुंद झाला आहे. वहिनी चालवतात चांगलं, हे मला कबूल करावं लागलं. घाई नाही, भीती नाही. मला वैताग आला तो नानाचा. तो अखंड बोलत होता: "पुढं ट्रॉली... थोडं थांब... आता घे... सोड." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. माझ्या शेजारी बसून कुणी असं बोललं असतं तर मी त्याला पारोळ्याला उतरवलं असतं. वहिनी मात्र एका शब्दानं उलटून बोलल्या नाहीत.

भुसावळच्या बाजूला वीजकेंद्राच्या चिमण्या दिसल्या, मग तापीचा पूल आला, आणि पुलापलीकडे देशच बदलला. धुळ्याकडे कोरडं, मोकळं रान. इथे दोन्ही बाजूंना केळी, रस्त्यावर गार सावली आणि ओल्या पाल्याचा वास. बोलीही बदलते. वहिनींचे भाऊ प्रमोदभाऊ मळ्याच्या फाटकाशीच उभे होते. "काहो जवाई, लय उशीर केला. वांगे थंडे होऊ ऱ्हायले ना!"

भरीत म्हणजे पुणेकराला वाटतं गॅसवर एक वांगं भाजायचं आणि दही घालायचं. इथे मळ्यात तुराट्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ केलेला होता आणि त्यात हिरवट पांढरी, हाताच्या पंजाएवढी वांगी टोपलीभर ओतलेली होती. भाजून झाली की सोलून लाकडी बडगीत, हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचायची. वर कांद्याची पात, शेंगदाणे, आणि तेल हात न आखडता. केळीच्या पानावर भरीत, शेजारी कळण्याची पुरी, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची. घरादारासकट सगळे जमिनीवर पंगतीत बसतात आणि दुसऱ्याच्या पानावर लक्ष ठेवून आग्रह करतात. प्रमोदभाऊ मला वाढताना म्हणाले, "घ्या भाऊ, हे पुन्याले नेलं का नुसतं वांगं ऱ्हाते." म्हणून मी आणलं नाही, शेजाऱ्यांनी समजून घ्यावं.

निघताना त्यांनी डिक्कीत केळीचा ताजा घड ठेवला, खाली एक जुनं पोतं अंथरून. पोतं मातीनं माखलेलं होतं. डिक्कीतला करडा गालिचा मी पुण्यात मऊ ब्रशनं झाडत असतो. कुणी बघत नाही असं पाहून मी पोतं काढलं आणि माझा स्वच्छ पांढरा टॉवेल घातला.

संध्याकाळी गावी पोचून डिक्की उघडली. घडाच्या दांड्यातून चीक गळत आला होता, टॉवेलातून आरपार जाऊन गालिच्यावर पसरला होता आणि काळा पडू लागला होता. केळीचा चीक कशानं जात नाही, हे सावद्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं, पोतं त्यासाठीच होतं. नाना वाकून बघत राहिला. इतक्या वर्षांत त्या गाडीवरचा हा पहिला कायमचा डाग, आणि तो तब्येत सांभाळणाऱ्यानं पाडलेला. वहिनी पदराआड हसल्या आणि म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी, माझ्या माहेरची खूण."

मला त्या हसण्याचा राग आला. खरं तर स्वतःचा आला होता, पण त्या क्षणी तो तसा वाटला नाही. आणि त्या रागाच्या भरात मी नानाला घेऊन बंधाऱ्याकडे चालत गेलो आणि विचारून टाकलं.

पांझरा सुंदर दिसत होती. पाटात पाणी सोडलेलं होतं, त्याचा बारीक आवाज येत होता. मी सगळं नीट मांडलं: तुझी अर्धी मी घेतो, तू म्हणशील त्या भावानं, तुला आता चालवता येत नाही, वहिनींना हवी तर मी एखादी छोटी, सोयीची गाडी बघून देतो. नाना ऐकत होता. त्याचा हात खिशात होता आणि खिसा हलत होता.

"मी कोण देणारा?" तो म्हणाला. "बारी आता शैलाकडे आहे. तिला विचार."

रात्रीच्या जेवणाला मी वहिनींना विचारलं. त्यांनी भाकरी थापता थापता ऐकून घेतलं. "उद्या दुपारी तुम्ही निघणार ना? सकाळी शिरपूरकडे जाऊन येऊ, घाटापर्यंत. मग सांगते."

मागच्या सीटवरून

सकाळी धुकं होतं. नरडाण्याच्या आसपास ऊन वर आलं आणि रस्ता लखलखीत झाला. आग्रा रोडचा हा भाग गाडीवेड्याला स्वर्ग आहे: सरळ, रुंद, आणि समोर निळसर सातपुडा. शिरपूर मागे टाकलं. मी पुन्हा मागेच होतो, पण आज दोन सीटच्या मधून पुढे वाकून बसलो होतो. मला उत्तर हवं होतं, म्हणून मी दोघांकडे निरखून बघत होतो. एरवी मी बघतो ते फक्त रस्त्याकडे.

पळासनेरच्या पुढे घाट लागला आणि नानानं डोळे मिटले. मला वाटलं डुलकी लागली. पण तो बोलू लागला, कालच्यासारखंच, फक्त हळू आवाजात. "थांब... अजून... आता." आणि 'आता' म्हणताक्षणी त्याचा उजवा पाय गालिच्यावर दाबला गेला, वहिनींचा पाय पेडलवर दाबला गेला, आणि इंजिन खर्जातून वर चढलं. पुढचं वळण. "उतर... सोड... घे." तो रस्ता बघतच नव्हता. इंजिन ऐकून सांगत होता. वसतिगृहात मासिकातल्या चित्रांवर बोट फिरवून असाच तोंडानं आवाज काढत तो मला घाट चालवून दाखवायचा. त्याचा हात गुडघ्यावर थरथरत होता, तो थांबला वगैरे काही नाही. पण गाडी जशी चालली होती तशी मी ती कधी चालवली नव्हती. मी तिला वळणात ढकलतो. हे दोघं तिला वळणात सोडत होते.

मी खिडकीबाहेर बघू लागलो, तर तिथे सागाची झाडं होती, पानं अजून हिरवी होती. मी या गाडीतून कितीदा घाटांत गेलो असेन, एकही झाड मला आठवत नाही.

वर एका टपरीवर चहा घेतला. नानासाठी वहिनींनी अर्धाच कप भरून घेतला, म्हणजे हिंदकळत नाही. मग माझ्याकडे वळून त्या शाळेतल्यासारखं सरळ विचारू लागल्या.

"भाऊजी, डॉक्टरांनी यांची गाडी बंद केली, बरोबर?"

"बरोबर."

"मग आत्ता घाटात कोण चालवत होतं?"

मी म्हटलं, "तुम्ही दोघं."

"मला एकटीला जमत नाही हो घाट. मी सपाटीची ड्रायव्हर आहे. आणि यांना आता एकट्यानं काहीच जमत नाही. शर्टाची बटणं मी लावते, घास कधीकधी मी भरवते, तेव्हा हे माझ्याकडे बघत नाहीत. गाडीत बसलो की मी यांचं ऐकते. म्हणून नाही देणार. तुम्ही कितीही दिले तरी नाही. राग मानू नका."

नाना घाट चढणाऱ्या ट्रककडे बघत होता. त्याचे डोळे भरलेले होते की थंडीनं पाणी आलं होतं, मी विचारलं नाही. मला लाज वाटली. पण लाजेहून जास्त वाटला तो हेवा, आणि तो इतका टोचेल असं मला कधी वाटलं नव्हतं. माझ्या बारीत त्या गाडीत मी एकटा असतो. पूर्ण गाडी मिळाली असती तर वर्षभर एकटा असतो, इतकाच फरक.

"राग नाही," मी म्हटलं. "उतरताना मला पुढे बसू देऊ नका. मला मागूनच बघायचंय."

दुपारी त्यांनी मला धुळ्याच्या बसस्थानकावर सोडलं. नाना काच खाली करून म्हणाला, "आखाजीला धुऊन ठेवतो. चिकाचा डाग मात्र तुलाच." मी हात हलवला आणि माझी गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिलो. दरवर्षी राहतो. यंदा पहिल्यांदा तिच्याकडे बघत नव्हतो, आतल्या दोन डोक्यांकडे बघत होतो.

नाशिकच्या गाडीला वेळ होता. मंगलाला फोन लावला. तिनं विचारलं, "झाली तुझी?"

"नाही झाली," म्हटलं, आणि मग सगळं सांगितलं. नानाचा हात, वहिनींची उशी, मिटलेले डोळे, आणि बारी माणसाची नसते, घराची असते, हे त्यांचं म्हणणं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ती थांबल्यावर मंगला म्हणाली,

"म्हणजे आपली अर्धीसुद्धा तुझ्या एकट्याची नाही."

मी म्हटलं, "तसंच दिसतंय."

"मग ठरलं. आखाजीला गाडी आणायला मी येणार. आणि आखाजीपासून पाऊस लागेपर्यंतचे कोरडे दिवस माझे. पावसाळा तू घे, तुला खड्ड्यांची सवय आहे." पुन्हा एक शिट्टी झाली. "आणि मी चालवताना शेजारी बसशील ना रे? मला घाटाची भीती वाटते."